औषधाचा पेला, फागीचा स्लॅब व इतर मिळकतीबाबत

मी, तुळशीदास जैतू हिलम, वय वर्षे छप्पन, धंदा काँक्रीटकाम, राहणार करंजपाडा, खोडाळ्याजवळ, तालुका मोखाडा, जिल्हा पालघर, हा कागद माझ्या हाताने, माझ्या ओट्यावर बसून, कोणी दटावल्याशिवाय व कोणी पाजल्याशिवाय लिहीत आहे. पुढच्या महिन्यात नाशिकला माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे नाही. मी घाबरलेलो नाही. पण स्लॅब ओतण्याआधी टेकू तपासावे लागतात, तसे हे.

जव्हारच्या वकिलांनी सांगितले की डोके ठिकाणावर असल्याचे वाक्य टाका. नुसत्या वाक्याने काय होते? आज सकाळी मी वाळू मुठीत दाबून पाच टक्के ओल सांगितली. माझी मुलगी प्रगती हिने तीच वाळू वजन करून, तव्यावर कोरडी होईपर्यंत भाजून पुन्हा वजन केली. साडेचार निघाली. तवा खराब केला म्हणून माझी पत्नी वेणू दोघांनाही बोलली. एवढ्यावरून समजावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास ते खोटे धरावे.

कलम १. करंजपाड्यातील माझे दोन खोल्या, पडवी व गच्ची असलेले घर माझ्यामागे वेणूचे. तिच्या पश्चात प्रगती व मुलगा दिपेश यांचे, सारख्या वाट्याने.

माझे वडील जैतू यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडल्या. दिवाळी झाली की आम्ही भिवंडीकडच्या भट्टीवर जायचो, पावसाच्या तोंडावर परतायचो आणि कारवीच्या कुडाची झोपडी नव्याने उभी करायचो. २००९ साली मी या घराचा स्लॅब ओतला. अठ्ठावीस दिवस त्यावर चढायचे नाही असे मी म्हटले होते, तर बाबा अठ्ठावीस दिवस शिडीच्या खालच्या पायरीवरसुद्धा गेले नाहीत. एकोणतिसाव्या दिवशी वर चढले, मांडी घालून बसले आणि तळवा फिरवत म्हणाले, "तुळश्या, हा पावसात विरघळायचा नाय ना?"

मी म्हणालो, "बाबा, हा पाण्यातच मोठा झालाय."

संध्याकाळपर्यंत ते खाली आले नाहीत. भाकर वर पोचवावी लागली.

या स्लॅबला ड्रिलने भोक पाडू नये. पंख्याचे हूक मी ओततानाच सोडले आहेत. दिपेशने डिशसाठी एक भोक पाडले आहे ते मला माहीत आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते वेणूचे. तिने ते मुलांना न विचारता खर्च करावे.

कलम ३. माझ्या अकरा वह्या प्रगतीला. ती सिव्हिलचा डिप्लोमा झालेली आहे. मी आश्रमशाळेत चौथी. पुढचे शिक्षण भिवंडीकडच्या एका काँक्रीट प्लँटवर, रसायनांच्या ड्रमवरच्या चिठ्ठ्या वाचून झाले. पहिल्या वहीत त्या चिठ्ठ्या मराठी अक्षरात उतरवलेल्या आहेत. वाचून हसू नये. 'क्लोराईड' हा शब्द मी तीन तऱ्हांनी लिहिला आहे, पण क्लोराईडवाले रसायन सळईला गंज चढवते हे मात्र तिन्ही ठिकाणी बरोबर लिहिले आहे.

तिथल्या प्रयोगशाळेत रंजना मॅडम होत्या. मी ठोकळ्यांचे साचे धुवायचो. एकदा त्यांनी दोन घमेल्यांत काँक्रीट कालवून ठेवले. एक पाणी जास्त घालून सैल केलेले. दुसऱ्यात पाणी कमी, पण ड्रममधले तपकिरी रसायन थोडेसे. म्हणाल्या, "हात घालून सांगा, तुळशीदास, चांगलं कुठलं?" मला दोन्ही सारखीच लागली. अठ्ठावीस दिवसांनी दोहोंचे ठोकळे दाबयंत्रात घातले. पाण्याचा ठोकळा लगेच कुरकुरला आणि बसला. रसायनाचा ठोकळा काटा पुढे पुढे नेत राहिला, आणि फुटला तेव्हा खिडकीच्या काचा वाजल्या. मॅडम म्हणाल्या, "हाताला सारखं लागतं ना? म्हणून तर लोक फसतात."

जास्तीचे पाणी उडून जाते आणि आत बारीक वाटा ठेवून जाते. त्याच वाटांनी पावसाचे पाणी सळईपर्यंत पोचते. आमच्या डोंगरावर पाऊस किती, ते सांगायला नको. मी त्या दिवशी जेवलो नाही, वही विकत आणली.

कलम ४. काँक्रीटचा सैलपणा मोजायचा पत्र्याचा कोन, त्याची सळई व पट्टी, हेही प्रगतीला. कोनात भरायचे, कोन उचलायचा, ढीग किती खाली बसला ते मोजायचे. मिलिमीटर ऐकून घमेली वाहणाऱ्या बायका माझ्याकडे बघत राहायच्या, म्हणून मी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाषेत सांगू लागलो. लादीला भाकरीच्या पिठासारखे. स्लॅबला घट्ट पेजेसारखे. आणि आंबील झाली तर घमेले परत. "आंबील झाली रं, आंबील!" अशी हाक खालून वरपर्यंत जायची आणि पाच मिनिटे काम थांबायचे. प्रगती म्हणते, कॉलेजात हे चालत नाही. चालू नये. पण तिने दोन्ही भाषा ठेवाव्यात.

कलम ५. टेम्पो दिपेशला. तो मोखाडा ते जव्हार जीप चालवतो. मी त्याला काँक्रीट शिकवायला तीन वर्षे घालवली. शेवटी तो म्हणाला, "बाबा, तुमच्या धंद्यात अठ्ठावीस दिवस थांबायचं. माझ्यात अठ्ठावीस मिनिटं थांबलो तर शिटा उतरून जातात." हे त्याचे बरोबर आहे. माझा राग नाही. टेम्पोचे मागचे फळकुट चढावावर उघडते, तार बांधावी.

कलम ६. ठेकेदार कमलेश यांना माझ्याकडील पंधरा फूट हिरवा पाण्याचा पाईप परत द्यावा. मी तो त्यांच्या हातातून भर कामात कापून घेतला होता. मोखाड्याच्या वरच्या अंगाला एक अंगणवाडी ओतत होतो, एप्रिल महिना, पाड्याच्या बायका टँकरच्या मागे रांगेत. हे मिक्सरमध्ये पाईप सोडून उभे.

"तुळशीदास, पाणी मार रे, लवकर पसरेल. तुझं ते ड्रममधलं औषधबिषध राहू दे."

मी म्हणालो, "शेठ, गोणीमागे सहा लिटर पाणी वाचवतोय. ते तिकडं रांगेत जाऊन सांगा, राहू दे म्हणून."

मग विळा घेतला. सहा वर्षे त्यांनी मला काम दिले नाही. पाईप मी वापरलेला नाही. कापलेल्या टोकाला क्लिप लावावी, चालेल.

कलम ७. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

प्लँटवर त्या रसायनाला ॲडमिक्स्चर म्हणत. पाड्यावर तो शब्द उच्चारला की घमेलेवाल्या हसून खाली बसायच्या. म्हणून मी एकदा म्हणालो, "हे काँक्रीटचं औषध आहे. पाणी कमी लागतं, आणि उन्हात ते लवकर घट्ट आवळत नाही." शब्द चालला. लगेच एकजण म्हणाली, "जेवणाआधी द्यायचं का जेवणानंतर?" त्यापुढे मीही तसेच बोलू लागलो. ऊन कडक असले की म्हणायचे, आज काँक्रीटला ताप आहे. मला माझ्या या शब्दांचा अभिमान होता. औषध म्हटले की ताप जास्त तर डोस जास्त, हे त्यात आपोआप आले, आणि ते मलाच दिसले नाही.

औषध मोजायला माझ्याकडे सकू होती. सकू लाडक्या वाघ, आमच्याच पाड्यातली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. लहानपणी भट्टीवर आम्ही एकाच ढिगाची माती तुडवली आहे. बायकांनी घमेली वाहायची आणि माप पुरुषाने घालायचे, असा सगळीकडे रिवाज. मी सकूला मापावर उभे केले. स्टीलचा पेला, दीडशे मिलीवर खिळ्याने ओरखडा, गोणीला एक पेला, शेवटच्या पाण्यातून. ती पेला डोळ्यासमोर धरून ओरखडा बघायची आणि मगच ओतायची. लोकांनी तिला मजेत डॉक्टरीण म्हणायला सुरुवात केली होती.

मे २०१२ मध्ये खोडाळ्याच्या पुढे फागी या विधवा बाईच्या घराचा स्लॅब होता. दोन खोल्या, अठ्ठावीस गोण्या. मिक्सर रस्त्यावर, घर चढावर, घमेली हातोहात वर जायची, म्हणून काँक्रीट उशिरा आवळणे गरजेचे. ऊन असे की सळई फडक्याने धरावी लागे. मी सकूला म्हणालो, "आज ताप जास्त आहे. गोणीला दोन पेले टाक."

तिने विचारले, "एकाचे दोन?"

मी म्हणालो, "डॉक्टरीण तू का मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅब ओला. तिसऱ्या दिवशीही खिळा बोटाने आत जात होता. लोक जमले. कोणी म्हणाले, "तुळश्यानं फागीच्या डोक्यावर खीर ओतली." फागी रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मी एक पेला सांगितला होता. सकूनं किती ओतले, तिलाच ठाऊक."

सकू तिथेच होती. ती काही बोलली नाही. मी स्लॅब उतरवायला सांगितला. सगळ्यांबरोबर तीही संध्याकाळपर्यंत तो चिखल खरवडून घमेल्याने नाल्यात टाकत होती. काम संपल्यावर तिने पेला धुतला, मिक्सरजवळ उपडा ठेवला आणि गेली. त्यानंतर कोणत्याच मुकादमाने तिला मापावर घेतले नाही. ती पुन्हा भट्टीवर गेली. डॉक्टरीण हे नाव लोकांनी चालू ठेवले, पण आता ते शिवीसारखे.

मी प्रत्येक कामाचे तीन ठोकळे भरतो. त्या दिवशीचेही दुपारी भरले होते. पाचव्या दिवशी ते घट्ट झाले. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून दोन ठोकळे नाशिकला तपासून आणले. माझ्या तोवरच्या सगळ्या ठोकळ्यांपेक्षा सरस निघाले. म्हणजे फागीच्या स्लॅबला काही झालेले नव्हते. ओली गोणपाटे टाकून आणखी दोन दिवस थांबायला हवे होते. अठ्ठावीस दिवस थांबायला लोकांना शिकवणारा मी, दोन दिवस थांबलो नाही. हे मला जून २०१२ पासून माहीत आहे आणि मी कोणाला सांगितलेले नाही. उलट फागीचा स्लॅब मी स्वतःच्या खर्चाने पुन्हा ओतून दिला, तेव्हा लोक म्हणाले, माणूस बघा, दुसऱ्याची चूक स्वतः भरली. ते मी ऐकून घेतले.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात अजून बसत नाही. दोन पेल्यांनी काँक्रीट एक दिवस लांबते, तीन दिवस नाही. मी चार वेळा साच्यात करून पाहिले. शिवाय उतरवताना पूर्वेकडचा पाव भाग पहारीने फोडावा लागला होता आणि बाकीचा खीर, हे वहीत प्रश्नचिन्ह टाकून लिहिले आहे. तेव्हा सकूनेही थोडे जास्त टाकले असेल. तरी दोष माझा, असे लिहून ठेवतो.

कलम ८. माझे मिक्सर यंत्र, तो पेला आणि त्या दिवसाचा राहिलेला तिसरा ठोकळा, वजन आठ किलो अडीचशे ग्रॅम, सकूला द्यावा. माझ्या मृत्यूनंतर प्रगतीने कलम ७ खोडाळ्याच्या बाजारात मोठ्याने वाचावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही प्रगतीनेच करावी.

कलम ९. माझ्या नावाने कोणी ओटा बांधल्यास पाणी मोजून घालावे.

पुरवणी. वरील मजकूर ९ नोव्हेंबरला पुरा झाला. त्यावर सही करण्याआधी, ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांना ऐकवावे असे वेणूचे म्हणणे पडले. साक्षीसाठी निवृत्त शिक्षक नितीन भोये गुरुजी आले होते. सकूला बोलावले. तेरा वर्षांत ती माझ्या ओट्यावर आली नव्हती. खुर्ची दिली, ती पायरीवर बसली.

मी कलम ७ वाचले. सकू म्हणाली, "ते शेवटचं परत वाच."

मी वाचले.

"दोन नाय. तीन."

मी म्हणालो, "सकू, मी दोन सांगितले होते. वहीत आहे."

"सकाळी दोन. मग तू जेवून आलास, मिक्सरच्या ड्रमवर हात ठेवलास, भाजलं तुला. हात झाडत म्हणालास, 'सकू, अजून एक वाढव.' वहीत कुठून येणार? हात भाजलेला, लिहिणार कशानं?"

मी तळवा उलगडून पाहिला. त्या दिवशी माझ्या उजव्या तळव्याला फोड आला होता. फोड मला आठवत होता. तो कशाने आला, हे मी विसरलो होतो.

ती म्हणाली, "पहिल्या सात गोण्या दोनाच्या. पुढच्या एकवीस तिनाच्या. गोणीमागं खडा ठेवत होते मी. दोनाचे वेगळे, तिनाचे वेगळे."

अठ्ठावीसातल्या सात म्हणजे पाव. ओतायला सुरुवात पूर्वेकडून केली होती. मी आत जाऊन पाचवी वही आणली आणि गुरुजींना प्रश्नचिन्ह दाखवले. गुरुजींनी चष्मा काढला. मी सकूला म्हणालो, "तेव्हा का नाही बोललीस?"

"तू सगळ्यांसमोर एक म्हणालास. मी तीन म्हटलं असतं तर कोणी ऐकलं असतं? वही तुझी, मिक्सर तुझा."

मी वही मिटून बाजूला ठेवली.

मग कलम ८ वाचले. सकू म्हणाली, "मिक्सर घेऊन या वयात गावभर फिरवू का? प्रगतीला दे. आणि तो ठोकळा? त्याच्यावर काय हळद वाटू?" वेणू आतून हसली. सकू हसली नाही. म्हणाली, "आणि बाजारात मेल्यावर वाचायचं? मी आधी गेले तर?"

गुरुजी म्हणाले, "अहो, मृत्युपत्र असंच असतं."

"असंल. मग त्याला सांगा, औषध वेळेवर घे."

मी सकूला साक्षीदार म्हणून सही करशील का, असे विचारले. गुरुजींनी आठवण करून दिली की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, मागून वाद निघतात, असे वकील सांगतात. सकू म्हणाली, "मला काय नको मग. सही करते." पेला मात्र तिने मागून घेतला. तो मी त्याच दिवशी तिच्या हातात दिला, म्हणून तो माझ्या मिळकतीत धरू नये. मिक्सर व ठोकळा प्रगतीला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी गुरुजींना व सकूला घेऊन खोडाळ्याला गेलो आणि भजीच्या गाडीजवळ उभे राहून कलम ७ दुरुस्तीसह वाचले. माझा आवाज मोठा आहे, तरी दोनदा गुरुजींना पुढे वाचावे लागले. काही लोक ऐकून गेले, काही भजी खात राहिले. नव्या पोरांना तो स्लॅब माहीतच नव्हता. फागी मात्र नागलीची टोपली डोक्यावरून उतरवून शेवटपर्यंत उभी होती. मी तिला म्हणालो, "फागीबाय, तुझा स्लॅब चांगला होता. मीच पाडला."

तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. ती सकूकडे गेली. "सकू, लेकाच्या लग्नाला मी तुला बोलावलं नाय गं. मुद्दाम नाय बोलावलं."

सकू म्हणाली, "ठाऊक हाय. नातवाच्या बोलाव."

"तो दोन वर्षांचा हाय."

"थांबेन की," सकू म्हणाली.

दुरुस्त्या. कलम ७ मध्ये 'गोणीला दोन पेले टाक' यापुढे समासात 'जेवणानंतर तीन' असे वाढवले आहे. 'तेव्हा सकूनेही थोडे जास्त टाकले असेल' हे वाक्य एकाच रेघेने, वाचता येईल असे खोडले आहे. मी तेरा वर्षे काय समजत होतो ते मुलांना दिसावे. 'तरी दोष माझा' यातील 'तरी' खोडले आहे. कलम ८ मधील सकूचे नाव व बाजारात वाचण्याबाबतचे वाक्य खोडले आहे. ते काम झाले. प्रत्येक दुरुस्तीसमोर माझी सही आहे. अकराव्या वहीच्या शेवटच्या पानावर खड्यांचा आकडा सकूच्या नावाने लिहिला आहे.

हा कागद दोन्ही साक्षीदारांसमोर पुन्हा पूर्ण वाचला, आणि त्यांच्यासमोर सही केली.

लिहून देणार:
तुळशीदास जैतू हिलम (सही)

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या:

१. नितीन भोये, निवृत्त शिक्षक, राहणार खोडाळा (सही)

२. सकू लाडक्या वाघ, राहणार करंजपाडा, धंदा मजुरी (सही). धंदा तिने 'मजुरी' सांगितला होता. तो खोडून मी तिच्या संमतीने 'माप घालणे' असा लिहिला आहे.

ठिकाण: करंजपाडा, तालुका मोखाडा
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५